सर्व्हर जोडला तो रविवार

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात आम्रपाली होवाळ कामाला लागली, तेव्हा सगळे तिला ‘कंप्युटरवाल्या मॅडम’ म्हणायचे आणि काम सांगायचे ते प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायचं. ती काढूनही द्यायची. पण तिच्या हातांना येत होतं ते काम वेगळंच होतं. ती काचेच्या तारा जोडायची.

आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीतली ही मुलगी. तिचे वडील हिंदुराव टेलिफोनच्या चरी खणायला जायचे. माणदेशातली ती मुरमाड जमीन. दिवसभर टिकाव मारला तरी चर गुडघाभर खोल व्हायची नाही. चरीत नळी टाकायची आणि पुढं सरकायचं. नळीतून तार ओवायला मागनं दुसरीच माणसं यायची. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, “आबा, त्या तारंत काय असतंय?”

“काच असतीया म्हणं,” हिंदुराव म्हणाले होते. “केसावानी बारीक. तिच्यातनं उजेड पळतुया आन् उजेडातनं बोलणं. मला काय खरं वाटत न्हाई, पर सायेब लोक म्हंत्यात.”

ते खरं आहे हे तिनं सांगलीत आयटीआय करताना बघितलं. मग चार वर्षं ती बाळासो नावाच्या ठेकेदाराकडं होती. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट न्यायचं काम. स्कूटरच्या पायापाशी जोडणीचं मशीन ठेवून ती एकटीच फिरायची. वारा आणि धूळ लागू नये म्हणून रस्त्याकडेला छत्री आडवी धरायची, तारेची दोन टोकं साफ करायची, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची आणि वितळवून एक करायची. बाळासो तोंडाचा फटकळ, पण काम शिकवायला हात आखडता घ्यायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यानं तिला सांगितलं होतं, “हे बघ, ही तार भिजली तरी चालंल, लांबवर ओढली तरी चालंल. पर मुरडायची न्हाई आन् आवळायची न्हाई. वरनं पिलास्टिक दिसतंय म्हणून इसरू नगं, आत काच हाय.”

दवाखान्यातली नोकरी लागली तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. संगणक विभागात दोघंच. प्रमुख शाहनवाज मुजावर, पन्नाशीचे, मिरजेतलेच, आणि ही. पहिलं वर्ष हंगामी, मग काम बघून कायम करायचं असं ठरलेलं. ते वर्ष मार्चमध्ये संपणार होतं.

जानेवारीत नवा सर्व्हर आला.

दवाखान्यात सीटी स्कॅन झालं, की त्याचे फोटो एका मोठ्या संगणकात जाऊन साठतात. तोच सर्व्हर. डॉक्टर वॉर्डात असोत नाहीतर ऑपरेशनच्या खोलीत, ते समोरच्या पडद्यावर फोटो उघडतात तेव्हा ते सर्व्हरकडून येतात. मधे असतो स्विच, म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्या संगणकांच्या तारा जिथं येऊन मिळतात तो चपटा डबा. जुना सर्व्हर आठ वर्षांचा झाला होता आणि स्विचला तांब्याच्या तारेनं जोडलेला होता. नव्या स्कॅन मशीनचे एकेका पेशंटचे शेकडो फोटो त्याच्या घशाखाली उतरेनात. डॉक्टर पडद्यासमोर उभे राहून वैतागायचे. म्हणून नवा सर्व्हर, तो नव्या इमारतीत, आणि तो स्विचला जोडायचा काचेच्या केबलनं. एक केबल पुरे होती, पण एक तुटली तरी काम थांबू नये म्हणून दोन टाकायच्या.

बदल करायला रविवारची सकाळ ठरली. सहा ते नऊ. रविवारी बाहेरचे पेशंट नसतात. शनिवारी दुपारी मुजावर सर खुर्चीत हळहळत बसले होते. उद्या साताऱ्यात त्यांच्या भाचीचा निकाह होता.

“तारीख पुढं ढकलू या का?” ते म्हणाले.

“कशाला सर? सगळी तयारी झालीय.”

“झालीय, पण तू एकटी.”

“मी गावोगाव एकटीच होते की सर.”

मुजावर सर हसले. “बरं. फोन चालू ठेवतो. निकाह लागत असला तरी उचलतो.”

रविवारी साडेपाचलाच ती दवाखान्यात पोचली. गार वारा सुटला होता. सहाला तिनं जुना सर्व्हर थांबवला. त्यातली सगळी माहिती आठवडाभरात नव्यावर येऊन पडलेली होती. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या छोट्या खोलीत कपाटासारखा उंच लोखंडी रॅक होता. त्यात खाली सर्व्हर आणि वर स्विच. तिनं दोन्हीकडं अंगठ्याएवढी मॉड्यूल बसवली. विजेचा उजेड करणारा आणि उजेडाची परत वीज करणारा तो तुकडा. मग केबलच्या टोकांवरच्या टोप्या काढल्या, टोकं पुसली आणि एकेक आत सरकवलं. प्रत्येक टोक बसताना बारीक ‘टक्’ असा आवाज आला. त्या आवाजाची ती नेहमी वाट बघायची.

एक हिरवा दिवा लागला. मग दुसरा.

तिनं जुन्या तीन पेशंटचे फोटो उघडून बघितले. बोट ठेवेपर्यंत समोर. जुन्या इमारतीत सीटीच्या खोलीत जयराज नावाचा तंत्रज्ञ होता. त्याला फोन करून तिनं एक चाचणीचा फोटो पाठवायला सांगितला. तोही आला. सात वाजले होते. नऊपर्यंतची वेळ हातात होती आणि काम संपलं होतं.

इथंच तिचं चुकलं. हे ती स्वतः सांगते.

रॅकमध्ये केबल जरा लोंबत होत्या. लोंबत असल्या तरी काही बिघडत नव्हतं. पण उद्या सर येतील, प्रशासक साहेब येतील, कंपनीचे लोक येतील. मार्च दोन महिन्यांवर आला होता. काम कसं चित्रासारखं दिसलं पाहिजे असं तिच्या मनात आलं. तिनं दोन्ही केबल एकत्र घेतल्या, रॅकच्या उभ्या पट्टीला लावल्या आणि प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्यांनी जागोजाग बांधल्या. पट्टीचं शेपूट ओढलं की ती करकरत घट्ट होते. तिनं ओढलं. वरचं वळण दारापाशी येत होतं, तेही आत दाबून बांधलं. रेघ मारल्यासारखं सगळं सरळ झालं. तिनं फोटो काढून सरांना पाठवला, रॅकचं दार लावलं, कुलूप घातलं.

साताऱ्याहून उत्तर आलं, “एक नंबर.”

ती बाहेर आवारात कॅन्टीनपाशी चहा घेत उभी राहिली. फार दिवसांनी तिला निवांत वाटत होतं. तेवढ्यात एक रुग्णवाहिका जुन्या इमारतीच्या दारात येऊन थांबली. मिरज दवाखान्यांचंच गाव, तिथं रुग्णवाहिकेकडं कोणी वळून बघत नाही. तिनंही बघितलं नाही.

आठ चाळीसला जयराजचा फोन आला.

“मॅडम, फोटो जाईनात.”

“कुठले?”

“आत्ताच्या पेशंटचे. डोक्याचा मार आहे, इस्लामपूरकडनं आलाय. सहाशे चाळीस फोटो आहेत. दोनशे बारा गेले आणि थांबले. पेशंट वर ऑपरेशनला नेलासुद्धा.”

तिनं कप तसाच कठड्यावर ठेवला आणि पळाली.

खोलीत शिरल्याबरोबर रॅकच्या जाळीतून तिला दिसलं. एक दिवा विझला होता. दुसरा लागत होता, जात होता, परत लागत होता. एक गेली तर दुसरी आहे म्हणून दोन केबल टाकल्या होत्या. दोन्ही एकदम कशा जातील? म्हणजे केबल नव्हे, स्विच गेला. किंवा सर्व्हर. तिनं सर्व्हर विकणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरला फोन लावला. त्यानं झोपेतून उठल्यासारखं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “केबल लावायचा पोर्ट खराब झालेला दिसतो. सर्व्हर बंद करून चालू करा. वीसेक मिनिटं लागतील.”

वीस मिनिटं. तिनं फोन ठेवला, तेवढ्यात तो पुन्हा वाजला. डॉक्टर आसिया बारगीर. मेंदूच्या शस्त्रक्रिया त्याच करायच्या. बोलणं नेहमी कमी आणि सरळ.

“आम्रपाली, फोटो कधी येतील?”

“मॅडम, बघतेय. दोन्ही लाइन…”

“कारण नको. वेळ सांग. पेशंट टेबलावर आहे. एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय, म्हणजे मेंदूवर दाब वाढतोय. जयराजनं पडद्याचे सहा फोटो मोबाइलवर पाठवलेत, त्यात रक्ताची मुख्य गाठ दिसते. पण मला पूर्ण डोकं बघायचंय, मागचा भाग बघायचाय.”

“सीडी…”

“इथल्या संगणकाला सीडीची जागाच नाही.”

ते तिला माहीत होतं. तो संगणक तिनंच बसवला होता. पेनड्राइव्हही चालत नव्हता. व्हायरस येतो म्हणून तिनंच बंद करून ठेवला होता, आणि ते उघडायलाही सर्व्हरच लागत होता.

“दहा मिनिटं,” डॉक्टर आसिया म्हणाल्या. “भूल चढेपर्यंत आणि तयारी होईपर्यंत तेवढी जातीलच. त्यानंतर मी मोबाइलवरच्या फोटोंवर सुरू करणार.”

फोन बंद झाला. खोलीत फक्त सर्व्हरच्या पंख्यांची घरघर. जुना सर्व्हर परत चालू करायचा तर चाळीस मिनिटं. नवा बंद-चालू करायचा तर वीस. दोन्ही रस्ते लांबचे होते.

तिनं कुलूप काढून रॅकचं दार ओढलं. दार उघडताक्षणी लुकलुकणारा दिवा हिरवा झाला आणि टिकला.

ती थबकली. दार हळूच परत लावलं. दिवा विझला. उघडलं. लागला.

एका क्षणात तिला सगळं कळलं. स्विच धडधाकट होता. सर्व्हर धडधाकट होता. दारापाशी जे वळण तिनं आत दाबून बांधलं होतं, त्याला दार लागल्यावर धक्का बसत होता आणि दोन्ही केबल तिथं मुरडल्या जात होत्या. दोन्ही एकत्र बांधल्या होत्या म्हणून दोन्हींवर एकच घाव. बाळासोचा आवाज तिच्या कानात आला आणि तिचे कान तापले. चार वर्षं उन्हात बसून जे एकदाही चुकलं नाही, ते तिनं इथं, पंख्याखाली, फोटो चांगला यावा म्हणून केलं होतं.

“नंतर,” ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली. “रडायचं ते नंतर.”

पिशवीतून कटर काढला आणि एकेक पट्टी तोडली. केबल सुटल्या. एकीच्या अंगावर वळणापाशी पांढरट चुणी पडली होती. आतली काच तडकली होती, तिचा दिवा लागलाच नाही. दुसरीचा दिवा हिरवा झाला. तिनं जयराजला फोन करून पाठवायला सांगितलं.

“चाललंय,” जयराज म्हणाला. “दोनशे वीस… तीस… चाळीस… थांबलं मॅडम.”

दिवा पुन्हा लुकलुकत होता. ही तुटली नव्हती, पण दुखावली होती. आठ अठ्ठेचाळीस झाले होते.

नवी केबल हवी. ती जुन्या इमारतीतल्या भांडारात होती. आम्रपाली जिन्याखालून बाहेर आवारात आली, आवार ओलांडून जुन्या इमारतीत शिरली. सीटीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. पदराला उसाच्या पाचटाचे तुकडे चिकटलेले, हातात पुरुषाची एकच चप्पल. आम्रपालीच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून ती धडपडत उठली.

“आवं बाई, तुमी डाक्टर हाय का?”

“न्हाई आजी.”

“माजा मालक आत नेलाय. अर्जुना नाव. ट्रालीवरनं पडला. कोनच काय सांगंना झालंय मला. लय रगत न्हवतं आलं वं, बोलत हुता की गाडीत!”

आम्रपालीला थांबता येत नव्हतं. पण तिचे पाय थांबले. “आजी, डाक्टर चांगल्या हायत. त्यांचंच काम करायला पळतीया मी. इथंच बसा, हलू नगासा.”

“जा, जा बाई. पळ,” म्हातारी म्हणाली.

भांडारात तिसऱ्या फळीवर केबलच्या दोन गुंडाळ्या होत्या. एक पिवळी, इमारतींच्या मधल्या लांब पल्ल्याच्या लाइनसाठी आणलेली, तिच्या मॉड्यूलना न चालणारी. तीच वर पडलेली होती आणि हात तिकडं गेलाच होता. तिनं तो मागं घेतला आणि खालची फिकट निळी-हिरवी ओढून काढली. पाकीट दातांनी फाडत ती परत पळाली.

खोलीत आली तेव्हा मोबाइल वाजत होता. मुजावर सर. जयराजनं त्यांना सांगितलं असणार. तिनं स्पीकर चालू करून फोन सर्व्हरवर ठेवला. मागं शहनाई आणि माणसांचा कालवा ऐकू येत होता.

“सर, केबल माझ्यामुळं मुरडली. मी घट्ट बांधली.”

पलीकडचा कालवा कमी झाला. सर हॉलबाहेर आले होते.

“बरं. आता काय करतेयस?”

“नवीन लावतेय.”

“लाव. घाई करू नकोस. मी बोलत नाही, पण फोनवर आहे.”

तिनं टोपी काढली. टोक पुसायला दहा सेकंद लागतात. नवीन आहे, पाकिटातली आहे, न पुसता लावावी का? पुण्याहून आलेली केबल आहे, मन म्हणत होतं. तिनं पुसली. चारही टोकं. एवढ्याशा काचेवर धुळीचा एक कण बसला तरी उजेडाची वाट अडते, आणि मग काय बिघडलं ते शोधायला आणखी दहा मिनिटं. वरचं टोक स्विचमध्ये सरकवलं. टक्. खालचं सर्व्हरमध्ये. टक्.

दिवा लागला नाही.

तिनं परत काढून परत घातलं. टक्. काही नाही. घड्याळात आठ बावन्न. डॉक्टर आसियांची दहा मिनिटं संपल्यात जमा होती. तिला एकदम वाटलं, आपण हात लावू ते बिघडतंय. हे सगळं सोडून बाहेर जावं आणि त्या म्हातारीशेजारी भिंतीला टेकून बसावं.

“आम्रपाली,” फोनमधून सर म्हणाले, “काय दिसतंय?”

“अंधार, सर.”

“दोन्ही टोकांना?”

त्या प्रश्नानं तिचं डोकं ताळ्यावर आलं. प्रत्येक केबलमध्ये दोन धागे असतात. एक बोलायचा, एक ऐकायचा. स्विचचं बोलणं सर्व्हरच्या ऐकायच्या भोकात पडलं पाहिजे, आणि सर्व्हरचं बोलणं स्विचच्या. दोघंही एकाच धाग्यात बोलू लागले आणि एकाच धाग्यात कान लावून बसले, तर कितीही चांगली केबल असली तरी मुकीच राहणार. तिनं सर्व्हरकडचं टोक बाहेर काढलं. असल्या टोकात डोळा घालायचा नसतो. उजेड दिसत नाही, पण डोळा जातो. तिनं मोबाइलचा कॅमेरा चालू केला आणि टोकासमोर धरला. पडद्यावर दोन ठिपक्यांपैकी एक अंधारात होता. दुसरा अगदी फिकट जांभळा चमकत होता. वरून स्विच बोलत होता, नीट बोलत होता. पण तो चमकणारा धागा ती सर्व्हरच्या बोलायच्याच भोकात घालत होती.

“उलटी केबल आहे सर. धागे अदलाबदल करावे लागतील.”

“कर.”

दोन टोकांना धरून ठेवणारी बारीक चिमटी तिनं नखानं उघडली. ती उघडताना मोडू शकते, हे तिला माहीत होतं. डावं टोक उजवीकडं, उजवं डावीकडं. चिमटी मिटली. मॉड्यूलमध्ये सरकवलं.

टक्.

एक सेकंद गेला. दोन. तीन. हिरवा दिवा लागला आणि लगेच शेजारचा दिवा भराभर उघडझाप करू लागला. आता ते बिघाडाचं लुकलुकणं नव्हतं, माहिती धावत होती.

तिनं भिंतीवरच्या दवाखान्याच्या फोनवरून सीटीची खोली लावली. “जयराज, पाठव!”

“चाललंय… तीनशे… पाचशे… मॅडम, झालं! सहाशे चाळीस!”

तिनं भिंतीवरच्याच फोनवरून ऑपरेशनच्या खोलीत फोन लावला. परिचारिकेनं उचलला आणि डॉक्टरांच्या कानाशी धरला असावा. “आलेत,” डॉक्टर आसिया एवढंच म्हणाल्या. मागं मशीनचा ठेका ऐकू येत होता. मग त्यांचा आवाज आला, पण तो तिच्याशी नव्हता. “थांबा. कूस बदला. मागंपण आहे.”

फोन बंद झाला. आठ छप्पन्न झाले होते. डॉक्टर आसियांनी तिला दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वाट बघितली होती, न सांगता.

सरांचा फोन अजून चालूच होता. “सर, तुम्ही जा. निकाह…”

“लागला,” सर म्हणाले. “जेवायला वेळ आहे. तू बस जरा.”

ती रॅकसमोर फरशीवर बसली. मग ती रडली.

अर्जुनाच्या डोक्यात कानाच्या वर रक्ताची गाठ होती, ती मोबाइलच्या फोटोंत दिसली होती. पण कवटीच्या मागच्या बाजूला, खाली, एक बारीक चीर गेली होती आणि तिथं दुसरी लहान गाठ वाढत होती. ती फक्त पूर्ण फोटोंत दिसत होती. दोन्ही काढल्या. दुपारी एकला डॉक्टर आसिया खाली आल्या, जिन्याखालच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिला हे सांगितलं. शाबासकी दिली नाही, रागावल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, “परत असा बदल करशील तेव्हा मला आधी सांग. मी सांगलीला दुसऱ्या दवाखान्यात पेशंट पाठवायची सोय करून ठेवीन.”

“मॅडम, चूक माझी होती,” आम्रपाली म्हणाली.

“मग ती लिहून ठेव,” डॉक्टर आसिया म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवारी अहवाल द्यायचा होता. प्रशासक साहेब चांगला माणूस होता. त्यानंच वाट दाखवली. “केबल सदोष निघाली असं लिहा,” तो म्हणाला. “नवीन मालात असं होतं. कंपनी बदलून देईल, विषय संपला. उगाच तुमच्या फाइलीत कशाला डाग?”

ती खोलीत येऊन कागदासमोर बसली. मुजावर सर साताऱ्याहून सरळ दवाखान्यातच आले होते, अंगावर कालचाच सदरा. तिनं विचारलं, “सर, काय लिहू?”

सरांनी खिशातून मोबाइल काढला, तिनं पाठवलेला रॅकचा फोटो उघडला आणि मोठा करून वरच्या वळणावर बोट ठेवलं. “हे बघ. हे मला फोटोतसुद्धा दिसत होतं. वीस वर्षं हेच करतोय मी. बघितलं, आणि ‘एक नंबर’ लिहून पाठवलं. आत भाचीच्या निकाहाची गडबड चालली होती.” त्यांनी मोबाइल खाली ठेवला. “तू तुझं लिही. खाली मी माझं लिहितो.”

तिनं लिहिलं: केबल सदोष नव्हत्या. मी त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट बांधल्या, दार लावल्यावर त्या मुरडल्या. दोन्ही एकाच वाटेनं नेल्या, हीसुद्धा चूक. बदल झाल्यावर दार लावून चाचणी घेतली नाही. राखीव केबल आधी तपासून जवळ ठेवली नाही. चार ओळी लिहायला तिला अर्धा तास लागला. सरांनी खाली दोन ओळी लिहून सही केली.

मार्चमध्ये ती कायम झाली नाही. पत्र आलं, हंगामी मुदत सहा महिने वाढवल्याचं. संध्याकाळी तिनं आटपाडीला फोन केला आणि वडिलांना सगळं सांगितलं, अहवालासकट.

हिंदुराव म्हणाले, “लिवायचं काय नडलं हुतं गं? सायब म्हणत हुता न्हवं?”

“आबा, उद्या दुसरं कोण तशीच बांधंल की.”

“व्हय, ते बी खरं हाय,” ते म्हणाले. पण आवाजात नाराजी होती आणि ती त्यांनी लपवली नाही. तिला ती दोन दिवस टोचत राहिली. सप्टेंबरात तिला कायम केल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी वाडीत पेढे वाटले, पण तो पुढचा भाग झाला.

अर्जुना एकोणीस दिवस दवाखान्यात होता. त्या एकोणीस दिवसांत आम्रपाली एकदाही त्या वॉर्डात गेली नाही. प्रिंटर बिघडला तरी सीटीतल्या जयराजला गळ घालून पाठवायची. अर्जुनाला घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी मात्र तिथला संगणक बंद पडला आणि जयराज सुट्टीवर होता. ती गेली. खिडकीजवळच्या खाटेवर एक हडकुळा माणूस बसला होता. डोक्याला पांढरी पट्टी, डावा हात मांडीवर सैल पडलेला. त्या हातात अजून जोर आला नव्हता. महिनाभर व्यायाम करावा लागणार होता. शेजारी ती म्हातारी गाठोडं बांधत होती. तिनं आम्रपालीला ओळखलं.

“ह्याच त्या बाई! पळत हुत्या बघा,” ती नवऱ्याला म्हणाली. तिचं नाव बनाबाई.

अर्जुनानं उजवा हात कपाळाला लावला. आम्रपालीला राहवलं नाही. ती खाटेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, “आजी, तवा फोटू अडकल्यालं न्हवं का, ते माज्यामुळं अडकल्यालं. मी तार घट्ट बांधली हुती. म्हणून येळ लागला.”

बनाबाईनं तिच्याकडं बघितलं. आम्रपाली वाट बघत राहिली; शिव्या, क्षमा, काहीतरी. बनाबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं गाठोडं बाजूला सारलं आणि कनवटीतून औषधांची चुरगळलेली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

“ते ऱ्हाऊ द्या बाई. ह्यातल्या गोळ्या कवा कवा द्यायच्या, तेवढं सांगा. त्या नर्सबाईनं सांगितलं, पर माज्या ध्यानात ऱ्हाईना. मला वाचाय येत न्हाई, आन् ह्येंची नजर अजून फिरतीया.”

आम्रपालीनं पेन काढलं. बंद पडलेला संगणक तसाच राहिला. पाकिटं एकेक करून खाटेवर मांडली आणि प्रत्येकावर खूण केली: सकाळच्या गोळीवर उगवता सूर्य, दुपारच्या गोळीवर भाकरी, रात्रीच्या गोळीवर चंद्र. जेवणाआधीच्या गोळीवर रिकामं ताट काढलं. बनाबाईनं प्रत्येक पाकीट हातात घेऊन, खूण ओळखून, वेळ मोठ्यानं म्हणून दाखवली. एकदा चुकली. आम्रपालीनं परत पहिल्यापासून म्हणायला लावलं.